चेहरा वाचता येतो, शिकवला तर

डोळे विस्फारलेले, भुवया वर चढलेल्या, तोंड उघडे. हा माणूस चकित झालाय की घाबरलाय? आश्चर्यात भुवया कमानीसारख्या उंचावतात, जबडा सैल पडतो. भीतीत भुवया वर जाता जाता एकमेकींकडे ओढल्या जातात आणि ओठ ताणले जातात. फरक एवढासाच. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक प्रौढांना तो टिपणे अवघड जाते. हसू ओळखणे त्यामानाने सोपे. पण ते काम करतात त्या कार्यशाळेत शेजारचा सहकारी चिडलाय हे वेळीच कळले नाही, तर साध्या बोलण्यातून भांडण उभे राहते.

वय वाढल्यावर हे शिकता येते का? अमेरिकेत मॅकअल्पाइन, निर्भय सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे उत्तर ‘हो’ असे आहे. आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य या सहा भावना त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना ओळखायला शिकवल्या. उत्तर चुकले की तिथेच दुरुस्त करायचे आणि बरोबर उत्तराचा पुन्हा पुन्हा सराव घ्यायचा, अशी पद्धत होती. प्रशिक्षणानंतर त्या प्रौढांची भावना ओळखण्याची क्षमता सुधारली.

मात्र न ओळखण्याचा सगळा दोष त्या व्यक्तीच्या माथी मारता येत नाही. डेरेक मूर यांनी २००१मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन भावना ओळखण्याच्या चाचण्यांवरच बोट ठेवले. सूचना लक्षात ठेवणे, बराच वेळ एकाग्र राहणे, योग्य शब्द शोधणे हेही त्या चाचण्या मागतात. भावना कळूनही तिचे नाव न सुचलेला माणूस तिथे नापास ठरतो. शिवाय चाचणीतला चेहरा असतो स्थिर छायाचित्रातला. प्रत्यक्षात चेहऱ्यासोबत आवाज असतो, हालचाल असते, घडलेला प्रसंग असतो.

म्हणून शिकवण्याची सुरुवात सोपी हवी. आधी आनंद आणि दुःख, मग सारख्या दिसणाऱ्या भावनांच्या जोड्या. आरशासमोर स्वतः भाव करून पाहणे, बोलता येत नसेल तर बोट दाखवून उत्तर देणे, नंतर व्हिडिओ आणि प्रसंगनाट्य. आपल्या सांस्कृतिक गटातल्या माणसांचे भाव आपल्याला थोडे अधिक अचूक कळतात, असे २००२मध्ये एल्फेनबाइन आणि अंबाडी यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले. तेव्हा महाराष्ट्रातल्या कार्यशाळेत परदेशी छायाचित्रसंच वापरण्यापेक्षा तिथल्याच ताई-दादांचे, बस कंडक्टरचे, दुकानदाराचे चेहरे घ्यावेत. लहान मुलांची कार्टूनेही नकोत. समोर तीस-चाळीस वर्षांचा माणूस बसलेला असतो.

आणि शिकायचे फक्त त्यानेच नाही. त्याला राग आलाय की पोटात दुखतंय, हे त्याचा चेहरा पाहून ओळखायला पालकांनी आणि काळजीवाहकांनीही शिकले पाहिजे. ज्याच्या भावना कुणी विचारतच नाही, त्याने इतरांच्या ओळखाव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे.