छप्पर नसलेली गाडी

भारतीय स्पोर्ट्स कार म्हटलं की दिलीप छाब्रियांची 'अवंती' आठवते. २०१२च्या दिल्लीच्या वाहनमेळ्यात ती अवतरली, फोटो पुष्कळ निघाले, रस्त्यावर मात्र ती क्वचितच दिसली. माझ्या लेखी या देशात खऱ्या शर्यती मारलेली गाडी वेगळीच आहे आणि तिचं म्हातारपण चंद्रपूर जिल्ह्यात चाललं आहे. ती म्हणजे मारुती जिप्सी.

डिसेंबर १९८५मध्ये ती बाजारात आली. सुझुकीच्या जिम्नीचं हे लांबवलेलं रूप. इंजिन ९७० सीसी, ताकद जेमतेम ४५ अश्वशक्ती. १९९६च्या 'जिप्सी किंग'मध्ये १३०० सीसीचं इंजिन आलं आणि पुढे एमपीएफआय इंधनप्रणाली आल्यावर ताकद ८०वर गेली. आजची साधी हॅचबॅकही या आकड्यांना हसेल. पण वजन टनाच्या आसपास, खाली भक्कम लॅडर फ्रेम आणि चारही चाकांना जोर देणारा गिअर. रॅलीवाल्यांनी हे गुण चटकन हेरले. चंडीगडचे हरी सिंह जिप्सी चालवूनच नावारूपाला आले, राष्ट्रीय रॅलीचे पाच वेळा विजेते ठरले. १९९९मध्ये सुरू झालेल्या 'रेड द हिमालय'मध्येही जिप्सीचाच बोलबाला राहिला. लष्कराने तीस हजारांहून अधिक जिप्स्या घेतल्या.

घरगुती गिऱ्हाइकाने मात्र तिला जवळ केलं नाही. चारही चाकांना पाटे असल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट कंबरेत जाई. दरवाजे दोनच आणि मागच्या बाकावर बसणाऱ्याची तर परीक्षाच. २०१७मध्ये लष्कराने ३,१९२ टाटा सफारी स्टॉर्मचा करार केला आणि मोठा आधारही हलला. मग एबीएस, एअरबॅग, धडक चाचणीचे नियम आले. तीन दशकांहून जुन्या सांगाड्यात ते बसवणं परवडणारं नव्हतं. २०१९च्या सुरुवातीला सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद झाली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबात मात्र ती बंद पडली नाही. १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९५मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी या गेटांवर पहाटे उजाडायच्या आत जिप्स्यांची रांग लागते. वनरक्षक परमिट आणि ओळखपत्रं ताडून पाहतो, गाइड पुढे चढतो, मागे सहा पर्यटक. ही मागची उंच, पायऱ्यांची बाकं कारखान्यात बनलेली नाहीत, ती गावाकडच्या गॅरेजची कारागिरी. फाट्यावर आलं की ड्रायव्हर इंजिन बंद करतो. सगळे गप्प. चितळाचा किंवा वानराचा इशारा ऐकू आला की गाइड हळूच म्हणतो, "कॉल आहे." मग किल्ली फिरते आणि पांढरपौनीच्या पाणवठ्याकडे धुरळा उडतो. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची चूल या नऊ महिन्यांच्या हंगामावर चालते. पावसाळ्यात गाभा बंद होतो तेव्हा गाड्या गॅरेजला लागतात, पाटे बदलले जातात, गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग बसतं.

गंमत अशी की शर्यती जिंकून देणाऱ्या चार चाकांच्या जोराची इथे फारशी गरजच पडत नाही. रस्ते बहुतेक सपाट, मुरुमाचे. ताडोबाने जिप्सीची ताकद विकत घेतलीच नाही. तिला छप्पर नसणं, हलकी असणं, अरुंद वाटेवर पटकन मागे घेता येणं, हेच इथे विकलं गेलं. शहरातल्या गिऱ्हाइकाने ज्या कमीपणाला नाक मुरडलं, त्यावर इथला धंदा उभा राहिला.

वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत हे गणित जमलं नाही. जंगल कमी नाही, पण नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगांच्या काळात त्या रस्त्यावर गाडी हीच जोखीम होती. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्यात स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. पोलिसांनी मोहिमा पायी काढण्यावर भर द्यावा, हे तिथे ओघानेच आलं.

चंद्रपूरच्या बाजूला जिप्सीचं वेगळंच दुखणं पुढे आलं, ते म्हणजे गर्दी. ३१ डिसेंबर २०२४ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. हलकी, चपळ गाडी वाघापर्यंत जितकी लवकर पोचते, तितक्याच लवकर तिच्यामागे दहा गाड्या येतात. याचा दोष गाडीला देऊन कसं चालेल? 'सायटिंग' झालं नाही तर पैसे वाया गेले असं मानणारा पर्यटक मागच्या बाकावरच बसलेला असतो.

आता तिची जागा कोण घेणार? २०२३मध्ये पाच दरवाज्यांची जिम्नी आली. नात्याने ती जिप्सीचीच वारसदार, पण तिला पक्कं छप्पर आहे. ते कापावं, तर जानेवारी २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. जिप्सी मुळात कापडी छपराचीही विकली जाई, त्यामुळे ते काढणं सोपं होतं. म्हणून लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जिप्स्यांना आजही मागणी आहे. इंजिन उतरवून पुन्हा बांधायचं, सांगाडा सरळ करायचा, नवे पाटे टाकायचे आणि गाडी पुन्हा गेटवर उभी करायची, असा हा व्यवहार. आणखी किती वर्षं, हे आता मेकॅनिकच्या हातात नाही. ते आरटीओतल्या नोंदणीच्या तारखेवर ठरेल.