पदवीनंतर काय?

“मुलगा इंजिनियर झाला” असें ऐकतांच आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा. अंबरनाथच्या माझ्या एका विद्यार्थ्यानें धरणावरील नेमणूक नाकारली, “रानांत कशाला?” असें वडीलधाऱ्यांचें मत पडलें.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ सालीं पुण्यास अभियांत्रिकीच्या परीक्षेंत पहिले आले. पुढच्याच वर्षीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत शिरून खानदेशांत पांझरा नदीवरील नळाच्या कामावर गेले. त्यांचीं खडकवासल्याचीं स्वयंचलित दारें १९०३ सालचीं. त्यांमागें एकोणीस वर्षांचा अनुभव होता!

बदलापुराजवळील बारवी धरणाचें पाणी आज उल्हासनगरच्या घागरींत पडतें, तेंहि कोणी रानांत गेला म्हणूनच. तेव्हां वाचकहो, पगार अवश्य विचारा, परंतु “काम कोणतें?” हें आधीं विचारा.