अरे, आवाज कुणाचा?

डॅशबोर्डमधल्या एका खाचेसाठी चाळीस-पन्नास हजार रुपये मोजावेत का? हाय-एंड कार स्टिरिओंच्या दुनियेत मारलेला हा फेरफटका...

हिंजवडी ते कोथरूड. बीकेसी ते ठाणे. ही अंतरं आपण किलोमीटरमध्ये मोजणं कधीच सोडून दिलंय. ‘दीड तास लागतो’ एवढंच सांगतो. जाऊन-येऊन तीन तास, आठवड्याचे पंधरा! एवढा वेळ तर आपण जिममध्येही काढत नाही आणि (खरं सांगा) घरच्यांशी बोलण्यातही नाही. मग या पंधरा तासांत कानावर जे पडतं, ते जरा बरं पडावं असं वाटलं तर चुकलं कुठे?

इथेच एंट्री होते हेड युनिटची. हेड युनिट म्हणजे डॅशबोर्डच्या मधोमध बसणारा तो डबा. आपण त्याला स्टिरिओ म्हणतो, दुकानदार ‘डेक’ म्हणतो. स्पीकर कितीही भारी लावा, त्यांना काय पाठवायचं ते हाच ठरवतो. थोडक्यात, टीममधला मॅनेजर. कामं बाकीचे करतात, पण हा नीट नसेल तर सगळंच बिघडतं.

माझ्यापुरता प्रश्न अगदी रोकडा होता. बाबांची 2011 ची हॅचबॅक गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. पाठोपाठ तिचा डेक बंद पडला. गाडीबरोबर बाबांच्या 140 सीडींचा खोकाही आला होता, त्यात निम्म्याहून जास्त शास्त्रीय संगीत. महिन्यातून एकदा आम्ही दोघं साताऱ्याला जातो आणि खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत सीडीची निवड बाबांची, हा आमच्या घरचा अलिखित करार आहे. माझ्या हातात एका प्रोजेक्टचे चाळीस हजार आले होते. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर दोन महिन्यांचं घरभाडं. म्हणजे हौस होती, पण उधळपट्टी परवडणारी नव्हती.

वॉटचा फंडा

दुकानात पाऊल टाकताच पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘मॅडम, फिफ्टी इन्टू फोर आहे!’ म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी 50 वॉट. ऐकायला सॉलिड वाटतं. पण जरा बारावीचं फिजिक्स आठवा. गाडी चालू असताना बॅटरीच्या लाइनवर साधारण 14.4 व्होल्ट असतात आणि कार स्पीकर बहुतेक वेळा 4 ओहमचा असतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, उत्तर येतं जवळपास 52 वॉट. हाच तो ‘फिफ्टी’! पण हे गणित आवाज पूर्ण फाटलेला असताना लागू होतं. स्वच्छ, न फाटलेल्या सुरासाठी तेच गणित 26 वॉटवर येतं आणि आतल्या सर्किटमधली घट धरली की हातात उरतात 20 ते 22. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा सोडा आणि बारीक अक्षरांतला ‘आरएमएस’चा आकडा वाचा. त्याहून जास्त ताकद हवी असेल तर वेगळा अॅम्प्लिफायर लावावा लागतो. त्याची वायर थेट बॅटरीवरून येते आणि फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आतच हवा. इथे कंजूषी नको. शॉर्ट झालं तर प्रश्न गाण्याचा राहत नाही, गाडीच पेटू शकते.

तीन हिरो, तीन स्वभाव

पहिला, पायोनियर डीईएच-80पीआरएस. 2010 च्या दशकाच्या सुरुवातीचा हा सिंगल-डिन डेक, म्हणजे 180 बाय 50 मिलिमीटरच्या जुन्या मापाचा. दिसायला साधा, टचस्क्रीन वगैरे काही नाही. पण आत काय आहे? 16 बँडचा इक्वलायझर, 5 व्होल्टचे तीन प्री-आउट आणि ट्विटर, मिड, सबवूफर वेगवेगळे हाताळण्याची सोय. सोबत एक छोटा माइक येतो. तो सीटवर ठेवायचा, दारं बंद करायची, मग डेक स्वतःच सूं-सूं आवाज काढून गाडीचा अंदाज घेतो आणि सेटिंग करून टाकतो. सीडी चालते, ब्लूटूथही आहे. आता शोधायचा तर जुना स्टॉक किंवा सेकंडहँड, पण शौकिनांमध्ये त्याचं नाव अजून निघतं.

दुसरा, सोनी आरएसएक्स-जीएस9. हा 2016 चा. अमेरिकेत तेव्हा किंमत सुमारे 1500 डॉलर! आणि गंमत म्हणजे त्यात सीडी नाही, आतला अॅम्प्लिफायरही नाही. म्हणजे नुसता हा आणून भागत नाही, अॅम्प्लिफायरचा खर्च वेगळा. पण डीएसडीसारख्या हाय-रेझोल्यूशन फाइल्स तो थेट वाजवतो. मोठ्या, शांत गाडीत तो भारी वाटेल. माझ्या हॅचबॅकमध्ये मात्र सिंहगड रोडचा ट्रॅफिकच त्यातला अर्धा बारकावा खाऊन टाकेल.

तिसरा म्हणजे एक मॉडेल नाही, अख्खी जमात आहे. डबल-डिनवाले, 180 बाय 100 मिलिमीटर, मोठ्या टचस्क्रीनचे. 2014 मध्ये अॅपल कारप्ले आणि 2015 मध्ये अँड्रॉइड ऑटो आलं आणि खेळच बदलला. नकाशा, फोन, गाणी, सगळं समोर. पण एक टिप घ्या. दुकानात ‘अँड्रॉइड सिस्टिम’ म्हणून मिळणारे स्वस्त पडदे आणि अँड्रॉइड ऑटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेट, दुसरी म्हणजे तुमच्या फोनचा पडद्यावर दिसणारा अवतार. टॅबलेटवाले किती जीबी रॅम ते कौतुकाने सांगतात, प्री-आउट किती व्होल्टचे हे विचारलं की विषय बदलतात. 2 व्होल्ट चालून जातात, 4 किंवा 5 असतील तर अॅम्प्लिफायरपर्यंत सिग्नल जास्त स्वच्छ पोहोचतो.

नावावर जाऊ नका हेही सांगायला हवं. कॅसेटच्या जमान्यात नाकामिची म्हणजे देवघरात ठेवावं असं नाव. ती मूळ जपानी कंपनी 2002 मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्लाउपुंक्टने 1932 मध्ये युरोपातला पहिला कार रेडिओ आणला, पण बॉशने 2008 मध्ये हा धंदा विकून टाकला. दोन्ही नावांचे डेक आजही मिळतात. त्यातले काही चांगले असतीलही, पण पैसे समोरच्या डब्याचे मोजा, आजोबांच्या पुण्याईचे नको.

गवई कुठे बसलाय?

आता खरी मजा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर समजा 90 सेंटिमीटरवर, डावा 140 वर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे डाव्याचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्यानेच गाणारा समोरून उठून उजव्या दारात जाऊन बसतो. चांगले डेक उजव्या स्पीकरला तेवढाच वेळ थांबवून ठेवतात. याला म्हणतात टाइम अलाइनमेंट.

एका मित्राच्या गाडीत 80पीआरएस आहे. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, बाबा शेजारी. भीमसेन जोशींची सीडी लावली. आणि काय सांगू! दोन तानपुरे दोन बाजूंना, गळा बरोब्बर मधोमध, बॉनेटवर बैठक मांडल्यासारखा. मी सातव्या आसमानात. बाबांकडे पाहिलं तर चेहरा कोरा. म्हणाले, “अगं, गवई माझ्या दारात अडकलाय. त्याला आत घे की!”

त्यांचंही बरोबरच होतं. डावा स्पीकर त्यांच्या जवळ, उजवा लांब आणि वर माझ्यासाठी मुद्दाम थांबवलेला. म्हणजे माझ्या कानाचं भलं करताना त्यांच्या बाजूचा फरक दुप्पट झालेला, दीडऐवजी तीन मिलिसेकंद. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात आपण घसा फोडून विचारतो ना, ‘अरे, आवाज कुणाचा?’ गाडीत हा प्रश्न शब्दशः खरा आहे. एका सीटसाठी परफेक्ट म्हणजे दुसऱ्या सीटसाठी बिघडलेलं. दोघांसाठी लावायचं तर दोघांनीही थोडं-थोडं सोडायचं. डेकच्या मेनूत सीट निवडायची सोय असते: उजवी, डावी, किंवा पुढच्या दोन्ही. दोन्ही निवडल्यावर माझी ती बॉनेटवरची बैठक मोडली. पण बाबा पहिल्यांदा मान डोलवायला लागले.

मग मी काय घेतलं?

मधल्या किमतीचा डबल-डिन. अटी तीनच ठेवल्या: टाइम अलाइनमेंट हवं, एका बटणात सीट बदलता यायला हवी आणि पेनड्राइव्हवरच्या फ्लॅक फाइल्स चालायला हव्यात. सीडीचा स्लॉट नाही, याचं बाबांना वाईट वाटलं. म्हणून चार रविवार बसून सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये उतरवल्या. एमपीथ्रीसारखा त्यात काही भाग गळत नाही. 140 सीडी 64 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावल्या. ब्लूटूथवरून ऐकलं असतं तर सीडीच्या 1411 केबीपीएसचे साध्या एसबीसीवर फार तर 328 झाले असते. उरलेले पैसे पुढचे स्पीकर आणि दारांच्या आत लावायच्या डॅम्पिंग शीटवर गेले. त्या शीटनी दारांची खडखड थांबवली आणि आवाजात जो फरक पडला, तो बघून मित्रही गप्प झाला.

शॉपिंगला निघताय? मग हे लक्षात ठेवा

- तुमच्या गाडीसाठीचा कपलर मागा. मूळ वायर कापू देऊ नका, वॉरंटीचा प्रश्न येतो.
- नव्या गाड्यांत एसी आणि कॅमेरा कंपनीच्याच स्क्रीनशी जोडलेले असतात. तिथे डेक बदलण्याआधी दहादा विचार करा. वेगळा साउंड प्रोसेसर लावणं जास्त सोपं पडतं.
- दुकानातल्या भिंतीवरच्या बोर्डवर ऐकून निर्णय घेऊ नका. आवाज गाडीतच ऐका, इंजिन चालू ठेवून.
- व्हॉल्यूम सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आठवड्याला 40 तासांपर्यंत ठीक. त्यापुढे आवाज वाढेल तसे तास झपाट्याने कमी होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डेक ऐकायला एकटे जाऊ नका. शेजारच्या सीटवर रोज जो कुणी बसतो, त्याला बरोबर न्या, एकदा त्याच्या जागेवर बसून ऐका आणि मगच कार्ड काढा.