आठव्या वर्षाची वाट कशाला पाहायची?

लेखमाला : शिकताना अडतं कुठे? (लेखांक ५)

गणेशोत्सव जवळ आला की पुण्याच्या कसबा पेठेतल्या घरांमध्ये दुर्वा निवडायचं काम हमखास पोरांच्या वाट्याला येतं. एकवीस दुर्वांची एक जुडी. मोठ्यांच्या लेखी ही पोरांना गुंतवून ठेवायची युक्ती. पण पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाकडे तेव्हा नीट पाहिलं, तर त्याच्या गणिताविषयी पहिलीच्या प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त कळतं. एकवीस नकोत, सातच दुर्वा मागाव्यात. एखादं मूल मोजून सात देतं. दुसरं मूठभर उचलून पुढे करतं. तिसरं ‘एक, दोन, तीन’ म्हणत सातपाशी न थांबता तसंच पुढे जातं. चौथं बरोबर मोजतं, पण ‘मग किती झाल्या?’ असं विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतं. या चौघांनाही शंभरपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणता येत असतील आणि पाहुण्यांसमोर ते म्हणूनही दाखवत असतील.

आकडे म्हणता येणं ही पाठांतराची गोष्ट. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे समोरच्या सगळ्या वस्तूंची संख्या, हे उमगणं वेगळं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांच्या संशोधनातून पुढे आलेली ‘इतके दे’ ही चाचणी नेमकं हेच पाहते, आणि तिला चिंचोके किंवा दुर्वांपलीकडे काही लागत नाही. बहुतेक मुलांना ही समज चौथ्या वर्षाच्या आसपास येते. साडेपाचव्या वर्षीही ती आलेली नसेल, तीन-चार वस्तू न मोजता नुसत्या बघून ओळखता येत नसतील, पाच मोठे की आठ मोठे यावर मूल अडखळत असेल, तर त्याची नोंद घ्यायला हवी. घाबरण्याचं मात्र कारण नाही. बोटं वापरणं हाही दोष नव्हे. सहाव्या वर्षी बोटांवर मोजणारं मूल योग्य तेच करत असतं. ५ अधिक ३ साठी ते पाचाच्या पुढे मोजतं की दर वेळी एकापासून, हे पाहायचं.

मराठी मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपण ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी मांडतो. त्यामुळे २१ चे १२ होणं हे पहिली-दुसरीत नेहमीचं आहे. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस असं वजाबाकीनं नाव सांगायचं, आणि नव्व्याण्णवपाशी येऊन तो नियमही सोडून द्यायचा! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर त्याची टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर ही जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे समजावत होत्या. ऐकून घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. ती पद्धत सगळ्यांवर लादावी का, यावर मतभेद असू शकतात. अडचण मात्र खरी होती. म्हणून केवळ अंकांच्या उलटापालटीवरून मराठी माध्यमातल्या मुलाला कुठलंही लेबल लावू नये.

लेबल लावायची घाई आणखी एका कारणाने टाळली पाहिजे. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांनाच वजाबाकी येत होती. हे सर्वेक्षण खेड्यांपुरतं असतं, त्यामुळे आपल्या पेठा त्यात नाहीत. पण दोन तृतीयांश मुलांना वजाबाकी येत नसेल, तर त्या सगळ्यांच्या मेंदूत दोष आहे असं कुणी म्हणणार नाही. दोष शिकवण्यात आहे. संख्येची जाणच मुळात कच्ची असणं, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, हा प्रकार साधारण तीन ते सहा टक्के मुलांत आढळतो असं जगभरचे अभ्यास सांगतात. या दोन गटांना वेगळं काढायचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे आधी नीट शिकवणं. चार-पाच मुलांचा गट करून दोन महिने रोज थोडा वेळ वस्तू घेऊन शिकवलं, की बरीचशी मुलं पुढे सरकतात. जी सरकत नाहीत, त्यांची सविस्तर तपासणी करायची.

काही मुलांबाबत तर त्याहूनही आधी सावध होता येतं, आणि हे ज्ञान कसब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर तयार झालेलं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो वर्षानुवर्षं चालू ठेवला. ही मुलं बारा वर्षांची झाल्यावरचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये आले. त्यांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेतच होती, तरी पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी भरली. लेखन आणि गणितातल्या अध्ययन-अडचणीही दिसल्या. मूल चारचौघांसारखं बोलतं, धावतं, हुशार वाटतं आणि तरी गणितात अडतं, तेव्हा ‘लक्षच देत नाही’ हे निदान करण्याआधी त्याच्या जन्माचा कागद काढून पाहावा. शाळेच्या प्रवेश अर्जात जातीचा रकाना असतो, जन्मवजनाचा नसतो.

आता कायद्याकडे येऊ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तिच्यात डिस्कॅल्क्युलियाही येतो. जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकांनी प्राथमिक चाचणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यातलं जे आधी येईल तेव्हा करायची. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. प्रमाणपत्राला आठची अट घालणं समजण्यासारखं आहे, कारण त्याआधी उशिरा उमलणारं मूल आणि खरोखर अडलेलं मूल यांत फरक करणं कठीण. पण पालकांनी आणि शाळांनीही त्याचा अर्थ ‘आठपर्यंत काही करायचं नाही’ असा लावून घेतला आहे, आणि माझा खरा आक्षेप त्यावर आहे. ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या मुलांच्या सहा दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली. शाळेत येतानाची संख्यांची समज ही पुढच्या प्रगतीची सर्वांत भक्कम खूण ठरली. वाचन आणि एकाग्रता तिच्यामागे राहिल्या. म्हणजे तिसरी उजाडेपर्यंत बरंच पाणी वाहून गेलेलं असतं.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडतं? प्रमाणपत्राची आठवण नववीत होते. राज्य मंडळाने नव्वदच्या दशकापासून अशा मुलांना सवलती दिल्या: जादा वेळ, कॅल्क्युलेटर, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. महाराष्ट्राने हे देशात फार लवकर केलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सवलतीने दहावी पार पडते, वजाबाकी येत नाही.

मग सहाव्या वर्षी करायचं काय? गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग फार साधा आहे. गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर १ ते १० अशा सरळ रांगेतल्या घरांचा खेळ खेळायचा. पंधरा मिनिटांची चार सत्रं, दोन आठवड्यांत. मुलांची संख्यांची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्यांना असा फायदा झाला नाही. आपली सापशिडी या कामाला अगदी सुरुवातीला अडचणीची, कारण दर ओळीला दिशा उलटते. त्यापेक्षा फरशीवर खडूने एका रेषेत दहा घरं आखावीत आणि कवड्या टाकाव्यात. चौथ्या घरावरून दोन घरं जाताना ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘पाच, सहा’ म्हणायचं. खेळाचा फायदा या बारकाव्यात आहे.

खेळ म्हणजे रामबाण नव्हे. ‘प्रथम’ या संस्थेच्या साथीने दिल्लीच्या बालवाड्यांत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात मुलांची कमी-जास्त ओळखण्याची अंतःप्रेरणा सुधारली, वर्षभर टिकलीही, शाळेच्या गणितात मात्र ती उतरली नाही. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या कोलकाता-दिल्लीच्या अभ्यासात बाजारात काम करणारी मुलं अवघड हिशेब मनात करताना दिसली, पण तेच गणित पुस्तकी रूपात आलं की अडली. मंडईतल्या गाळ्यावर आईला मदत करणारं, पावकिलोचा भाव क्षणात सांगणारं मूल वर्गात ‘ढ’ ठरतं, तेव्हा त्याची समज आणि कागदावरचा अंक यांची गाठच कुणी घालून दिलेली नसते. म्हणून वस्तू, तोंडचा शब्द आणि लिहिलेला अंक ही तिन्ही एकाच वेळी मुलासमोर हवीत.

तुमच्या मुलाबद्दल शंका असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्यांच्या यादीत अध्ययनातल्या अडचणीही आहेत, पण आई-वडिलांनी किंवा बाईंनी सांगितल्याशिवाय काही मिनिटांच्या तपासणीत त्या दिसणार नाहीत. बालविकास केंद्रात जाणार असाल तर जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, गणिताची वही आणि बाईंनी लिहून दिलेल्या चार ओळी सोबत घ्या. वहीतल्या चुका खोडू नका, तपासणाऱ्याला त्याच हव्या असतात. प्रमाणपत्रासाठी कुठे आणि कसा अर्ज करायचा, ते पुढच्या आठवड्यात.