पुरातन विषाणू आणि मनोविकार

घोड नदीकांठच्या घोडेगावाहून येरवड्याच्या मनोरुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाची वाट कित्येकदां देवऋषीच्या दारावरून जाते. तेथें 'बाहेरची बाधा' हें निदान ठरलेलें! शास्त्रालाही एक बाहेरचा पाहुणा आढळला आहे. पण तो देवऋषीच्याही अंगीं आहे. लक्षावधि वर्षांपूर्वीं पूर्वजांच्या बीजपेशींत शिरलेल्या विषाणूंच्या अवशेषांनीं मानवी जनुकसंचाचा सुमारें ८ टक्के भाग व्यापला आहे. मरणोत्तर मिळालेले मेंदूचे सुमारें ८०० नमुने तपासून, २०२४ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील संशोधकांनीं त्यांतील कांहींच्या क्रियाशीलतेचा संबंध छिन्नमनस्कता व नैराश्य यांच्या आनुवंशिक प्रवणतेशीं जोडला. संबंध म्हणजे कारण नव्हे. या शोधांतून औषध अद्याप निघालेलें नाहीं. येरवड्यास मिळणारें औषध मात्र आजही गुण देतें.