‘कऱ्हाडे’ यादीत का दिसत नाहीत?

फॉर्मच्या रकान्यात सहकाऱ्याचं नाव निवडायला ॲटचं चिन्ह टाकून ‘कऱ्हा’ लिहिलं, तरी सुचवलेल्या नावांत कऱ्हाडे येतीलच असं नाही. युनिकोडमध्ये या नावातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. म्हणून नाव नोंदवतानाच त्याचं समान शोधरूप बनवावं आणि टाइप केलेली अक्षरंही त्याच रूपात आणून जुळवावीत. या रूपांतरामुळे यादी मंदावेल ही भीती फोल आहे. टाइप करताना बदलायची असतात ती चार-पाच अक्षरं. बरेच जण रोमनमध्ये लिहितात, हे खरं. त्यांच्यासाठी रोमन रूपही जोडावं, पण देवनागरीत लिहिणाऱ्याला सहकाऱ्याचं नाव सापडू नये, ही तडजोड मला मान्य नाही.