वजाबाकीतला ओझोन

विषुववृत्ताजवळच्या एखाद्या बेटावरचा सगळा ओझोन, पार वरपर्यंतचा, खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला पसरला तर थर भरेल जेमतेम अडीच मिलिमीटरचा. त्यातला बहुतेक भाग उंचावरच्या थरात, स्थितांबरात असतो आणि अतिनील किरण अडवण्याचं काम करतो. तपांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या आणि आपल्या श्वासाच्या हवेत, उरतो मिलिमीटरचा दोन ते चार दशांश. पण हाच खालचा ओझोन फुप्फुसांना आणि पिकांना जाचतो, हवा तापवण्यातही हातभार लावतो. वाहनांचा धूर, वणव्यांचा धूर आणि विजांमुळे तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की तो बनतो. उष्ण कटिबंधात ऊन भरपूर, आणि गेल्या काही दशकांत धूरही तिकडे वाढला आहे. म्हणून तिथला ओझोन वाढतोय का, हा प्रश्न महत्त्वाचा.

अडचण अशी की उपग्रह वरून पाहतो, आणि वरून पाहताना स्थितांबरातला ओझोन आधी आडवा येतो. नासातल्या जॅक फिशमन यांनी १९८०च्या दशकात यावर वाट काढली. निंबस-७ उपग्रहावरच्या टॉम्स या उपकरणाने मोजलेल्या एकूण ओझोनमधून दुसऱ्या एका उपकरणाने मोजलेला स्थितांबरातला ओझोन वजा करायचा. उरलेल्या आकड्यांतून एक अनपेक्षित चित्र उमटलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ब्राझील आणि आफ्रिका यांच्या मधल्या समुद्रावर, जिथे ना शहर ना कारखाना, तिथे ओझोन साठलेला! १९९२ मध्ये संशोधकांनी विमानं नेऊन हवा तपासली, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर जळणाऱ्या गवताळ रानांशी त्याचा संबंध पक्का झाला.

तरी दोन उपकरणांच्या वजाबाकीत एक धोका राहतोच. दोन्हींच्या मोजणीत जो फरक असेल तो सगळा बाकीत उतरतो. १९९८ मध्ये झिम्के, चंद्रा आणि भरतिया यांनी हा धोका टाळणारी पद्धत मांडली, आणि मला ती या सगळ्या कामातली सर्वांत देखणी कल्पना वाटते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली आधी भरलेली तोलतात, मग त्याच काट्यावर रिकामी. काटा थोडा चुकत असला तरी तेवढीच चूक दोन्ही वेळा होते आणि उसाचं वजन बरोबर निघतं. इथे काटा म्हणजे एकच उपग्रह. निरभ्र जागी त्याला जमिनीपर्यंतचा सगळा ओझोन दिसतो. पश्चिम प्रशांत महासागरावरचे पावसाळी ढग थेट तपांबराच्या छतापर्यंत चढतात, आणि त्यांच्यावर फक्त स्थितांबरातला. उष्ण कटिबंधात स्थितांबरातला ओझोन पूर्व-पश्चिम फारसा बदलत नाही, त्यामुळे ढगावरचा आकडा त्याच अक्षांशावर इतरत्रही वापरता येतो. प्रकाश ढगात थोडा शिरतो हे खरं. पण या ढगांत समुद्रालगतची, ओझोन कमी असलेली हवा वर खेचलेली असते, म्हणून चूक लहान राहते.

खरी कसोटी लागते ती दशकांचा हिशेब मांडताना. एक उपग्रह इतकी वर्षं टिकत नाही, म्हणून नोंदी जोडाव्या लागतात. गोम हे उपकरण नेणारा १९९५ चा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास विषुववृत्त ओलांडायचा. २००४ मध्ये सोडलेला ऑरा दुपारी दीड-पावणेदोनला. गोमच्या उपग्रहावरचा टेपरेकॉर्डर २००३ मध्ये बंद पडला आणि पृथ्वीचा मोठा भाग गोमच्या नोंदीतून निसटला. ऑरावरच्या ओएमआय उपकरणाच्या दृश्यातल्या काही ओळींना २००७ पासून काहीतरी आडवं येऊ लागलं, बहुधा बाहेरचं सुटलेलं आच्छादन; त्या ओळींचं मापन बाजूला ठेवावं लागतं. अशा तुकड्यांतून १९९५ ते २०१५ ची साखळी जोडली गेली आणि तिच्यातून सरासरी वाढ निघाली दशकाला सुमारे ०.७ डॉबसन. एक डॉबसन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर वाढ जास्त, पश्चिम प्रशांतावर उलट घट. एवढ्याशा आकड्यात एल निनोही ढवळाढवळ करतो. १९९७ मध्ये इंडोनेशियात पाऊस रुसला, जंगलं पेटली आणि तिथला ओझोन चढला. नोंदीच्या सुरुवातीलाच असं वर्ष आलं की पुढचा कल झुकतो.

म्हणून पडताळणीला फुगे लागतात. ॲन थॉम्पसन यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये सुरू झालेल्या शाडोझ या जाळ्यातून सामोआ, असेन्शन, नैरोबी, रियुनियन, क्वालालंपूर इथून फुगे सुटत आले आहेत. फुग्याखाली थर्मोकोलची पेटी, तिच्यात छोटा पंप आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. पंप हवा द्रावणात बुडबुडवतो, ओझोनमुळे आयोडीन सुटतं आणि मायक्रोॲम्पियरमध्ये मोजण्याइतका प्रवाह वाहतो. तो जितका जास्त, तितका ओझोन जास्त. याच जातीचं भारतीय उपकरण पुण्याच्या हवामान खात्यात ॲना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं होतं.

२०१८ च्या जागतिक आढाव्यात वेगवेगळ्या उपग्रह-नोंदींचे कल एकमेकांशी जुळले नाहीत. कुणी वाढ दाखवली, कुणी घट. शाडोझच्या दोन दशकांच्या नोंदींत वर्षभराची सरासरी वाढ किरकोळच दिसते, पण आग्नेय आशियावर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ती ठळक आहे. वार्षिक सरासरीत ती बुडून जाते. ती हाती लागली, कारण क्वालालंपूरहून वर्षानुवर्षं, प्रत्येक ऋतूत, फुगे वर गेले.